फ्रिजवरचं लुगडं

पुणे,
६ ऑक्टोबर २०२५

आदरणीय मामा,
सविनय जय भीम.

तुम्ही फोन उचलत नाही. मामी उचलतात, पण लोणच्याचा व्हिडिओ मध्येच थांबला म्हणून लगेच ठेवूनही देतात. तेव्हा पत्र. वडनेर भोलजीच्या डाकघरात बत्तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटलेल्या माणसाला निदान एक तरी स्वतःचं यावं.

काम असं आहे. माझ्या पीएच.डी.चा विषय तुम्हाला माहीत आहे: दहा वर्षांत गावाचं आर्थिक जीवन कसं बदललं. माझ्या गाइड अनुपमा मॅडम यांनी दहा वर्षांपूर्वी आपल्याच गावातल्या एकशेवीस घरांची पाहणी केली होती. त्याच घरांत तेच प्रश्न मला पुन्हा विचारायचे आहेत. मी स्वतःच येणार होते, पण कावीळ झाली आणि डॉक्टरांनी दोन महिने प्रवास बंद केला. तीस जानेवारीला समितीपुढे निष्कर्ष मांडायचे आहेत. तिथे पटलं नाही तर नोंदणी रद्द होईल आणि चार वर्षं पाण्यात जातील. म्हणून तुम्हाला साकडं घालते.

सोबत फॉर्म आहेत. सातवा प्रश्न घरातल्या वस्तूंचा, अकरावा दोन वेळच्या जेवणाचा, बाकीचे सोपे. एकच विनंती: ही सरकारी योजना नाही, यातून कोणाला काहीही मिळणार नाही, हे सगळ्यांना नीट समजावून सांगा.

तुमची,
समता

*

वडनेर भोलजी,
१७ ऑक्टोबर २०२५

चि. समता हिस माणिकमामाचे आशीर्वाद अन् जय भीम.

पाकीट दोन दिवस उशिरा पोचलं, कारण तू पिनकोड चुकवला. पोस्टमास्तरची भाची असून पिनकोड चुकवते अन् समाज मोजाले निघाली. कावीळ झाली म्हणून या वेळी माफ.

तुह्यं काम झालं. पयल्या दिवशी मी समाजमंदिरात सांगतलं अन् मंग स्टँडवरच्या चहाच्या दुकानात सांगतलं, का ही योजना नाही अन् कोणाले काही भेटणार नाही. आपले भाजीवाले भगवंतराव तिथं बसले होते. ते म्हणे, "माणिकराव, तुम्ही एवढं दाबून सांगून राह्यले म्हणजे योजना मोठीच दिसते." मी म्हटलं, बाप्पा, खरंच नाही. तर ते बाजूच्याले म्हणे, "पाय, यायले वरून बोलाची बंदी हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माह्या ओट्यावर रांग. ज्यायचं नाव तुह्या यादीत नाही तेबी आले. तानुबाई तर आधार कार्ड, राशन कार्ड अन् दोन फोटो घेऊन आली. मी फोटो वापस केले. चार दिवसांत एकशेवीस फॉर्म भरून झाले. एकबी रकाना रिकामा नाही, खाडाखोड नाही. बत्तीस वर्षांत मनीऑर्डरचे फॉर्म मी एवढे साफ पाह्यले नाही.

आपल्या घरचा फॉर्म मी सोता भरला. पपई खाजो, तेल खाऊ नको.

तुहा मामा,
माणिकराव सोनाजी इंगळे
(निवृत्त शाखा डाकपाल)

*

पुणे,
३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय मामा,

फॉर्म पोचले. तीन रात्री मला नीट झोप नाही.

दहा वर्षांपूर्वी आपल्या एकशेवीस घरांपैकी चौऱ्याहत्तर घरांत फ्रिज होता. आज तीन घरांत आहे. दुचाकी फक्त पाच. भगवंतरावांनी लिहिलंय, "घरावर टिना, त्याही फुटक्या." तानुबाईंच्या फॉर्मवर सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर आहे, "नाही". वयाच्या रकान्यातसुद्धा. आणि तुम्ही? तुमच्याकडेही फ्रिज नाही असं लिहिलंय. गेल्या वर्षी दिवाळीत आले होते तेव्हा मामींनी मला त्यातूनच ताक दिलं होतं ना? तो विकावा लागला का मामा? मला एका शब्दानं का कळवलं नाही?

मॅडमना आकडे दाखवले तर त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, जागतिक मंदी खेड्याच्या चुलीपर्यंत कशी पोचते याचा इतका स्वच्छ पुरावा त्यांनी आयुष्यात पाहिला नाही. शोधनिबंधाचं नाव ठरलं, "कोसळलेलं गाव". फेब्रुवारीत त्या तो परदेशातल्या परिषदेत वाचणार आहेत.

मला मात्र रडू आलं. मी इथे सिद्धांत वाचत बसले आणि माझं आजोळ असं झालं. होस्टेलच्या मैत्रिणींनी मिळून स्वेटर, चादरी, जुने कपडे जमवले आहेत. दोन गाठोडी पाठवते. कमीपणा मानू नका.

तुमची,
समता

*

वडनेर भोलजी,
१५ नोव्हेंबर २०२५

चि. समता,

गाठोडी पोचली. नव्या पोस्टमास्तरनं ती सायकलवर आणून माह्या दारात आपटली अन् इचारलं, "काका, काही अडचण हाये काय?" बत्तीस वर्षं त्या खुर्चीवर मी बसलो. आज माह्या दारात पुण्याचे जुने कपडे.

समता, मले राग आला. आपण काय मागून राह्यलो काय? तुह्या आजोबानं कोणापुढं हात पसरला नाही. पण तू मायेनं पाठवलं, म्हणून मामी म्हणते गप बसा. मी गप बसलो. मामीनं त्यातला एक कार्डिगन ▇▇▇▇ कपाटावर टाकला.

गावाचं तू एवढं मनाले लावून घेऊ नको. गाव हाये तसं हाये. आकडे जरा कमी-जास्त होत राह्यतात. तुह्या मॅडमले म्हणजो, परदेशी जायची घाई कायले करता, थंडी हाये.

तुहा मामा

*

पुणे,
२४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय मामा,

तुम्ही रागावलात, मला वाईट वाटलं. कपडे कोणालाही देऊन टाका. आणि "कपाट" च्या आधीचा शब्द तुम्ही असा खोडला आहे की कागद फाटलाय. बत्तीस वर्षांत खाडाखोड न केलेल्या माणसाला शोभत नाही.

मॅडमना आता पुढचा टप्पा हवा आहे. गाव इतकं कोसळलं तर त्याचा लग्नांवर काय परिणाम झाला? तिशीला आलेली, शेतीत किंवा छोट्या धंद्यात असलेली किती मुलं बिनलग्नाची आहेत? अशा तीस घरांसाठी वेगळे फॉर्म पाठवते. वस्तूंचा प्रश्न यातही आहे, पडताळणीसाठी. हेही काम कराल ना? प्रवासाची बंदी अजून उठलेली नाही, आणि तीस जानेवारी जवळ आली.

तुमची,
समता

*

वडनेर भोलजी,
११ डिसेंबर २०२५

चि. समता,

तीस फॉर्म मागतले होते, एकेचाळीस पाठवून राह्यलो. झेरॉक्स लोकायनं आपल्या खर्चानं नांदुऱ्याहून मारून आणली. पोट्ट्यायचे फोटो तू मागतले नव्हते, पण त्यायनं फॉर्मले टाचून देल्ले. मी काढाले गेलो तर भगवंतरावाची कौशल्याबाई म्हणे, "राहू द्या भाऊ, पोरीकडच्यायले बरं पडते."

मी सांगतलं का हे लग्नाचं ऑफिस नाही, अभ्यास हाये. ती म्हणे, "हाव, अभ्यास करूनच पोरगी द्याव."

मले आता इचारू नको. जे भेटलं ते पाठवलं.

तुहा मामा

*

पुणे,
२२ डिसेंबर २०२५

आदरणीय मामा,

माझ्यासमोर भगवंतरावांचे दोन फॉर्म आहेत. ऑक्टोबर: फुटक्या टिना, फ्रिज नाही, दुचाकी नाही. डिसेंबर: स्लॅबचं घर, दोन दारांचा फ्रिज, एसी, बुलेट, वावरात शेततळं. मुलगा ऋत्विक, "मोबाईल क्षेत्रात उद्योजक". फोटोत तो एका पांढऱ्या गाडीला टेकून उभा आहे. गाडीच्या काचेवर "प्रवासी वाहतूक, नांदुरा ते मलकापूर" असं लिहिलंय, ते त्याच्या कोपरामुळे नीट झाकलं गेलं नाही.

एकेचाळीस घरांची हीच कथा. आठ आठवड्यांत आपलं गाव दारिद्र्यातून थेट श्रीमंतीत गेलं. जगात कुठल्याच देशाला हे जमलेलं नाही.

फॉर्मच्या तळाशी माझा फोन नंबर होता. ऋत्विकचा आता रोज सकाळी सहा वाजता "शुभ सकाळ" येतो, गुलाबासकट.

मामा, मॅडमनी परदेशी निबंध पाठवून दिला आहे. डॉक्टरांनी प्रवासाची बंदी आणखी महिनाभर वाढवली, नाहीतर मीच आले असते. तीस जानेवारीला मी समितीपुढे उभी राहणार. काय चाललंय ते खरं सांगा. तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही लपवताय.

समता

*

पुणे,
३ जानेवारी २०२६

मामा,

उत्तर नाही. फोन बंद. मी काय समजू?

समता

*

वडनेर भोलजी,
८ जानेवारी २०२६

समता बाई,

मी तुही सिंधूमामी. सातवी शिकेल हावो, चुकभूल माफ करजो. तुह्या मामानं दहा दिवसापासून पेनाले हात लावला नाई. जेवते, अन् बाहेर सपरीत जाऊन बसते. म्हणून मीच लिवून राह्यली.

आपला फ्रिज कुठीच गेला नाई. तुह्ये फॉर्म आले त्या दिवशी मामानंच त्याच्यावर माह्यं हिरवं लुगडं टाकलं, वर घंगाळ ठेवलं अन् मले म्हणे, कोणी आलं तं हे कपाट हाये. बटन बंद केलं तं आतलं दूध नासलं. मी म्हटलं, अवो पण फॉर्म तं आपल्याच पोरीचा हाये. तं म्हणे, "फॉर्म तं हाये ना." बाहेर लोकायले सांगे योजना नाई, अन् घरात येऊन लुगडं नीट करे. लोकायनं ते खिडकीतून पाह्यलं. मंग काय, साऱ्या गावात लुगडे निंघाले. भगवंतरावानं बुलेट कडब्याखाली घातली. दुसऱ्या बारीले लग्नाचं समजलं तं तिले धुऊन फाटकात उभी केली.

आणिक एक सांगतो, रागावू नको. दहा वर्षं आंधी तुह्या मॅडमच्या पोरी गाडीत बसून आल्या होत्या ना, तवा कोणी तरी उठवलं का फ्रिजच्या कंपनीवाल्या हायेत, जुना द्या नवा घ्या. ज्याच्या घरी निरा पाण्याचा माठच होता त्यानंबी फ्रिज लिवला. आपल्याकडं तवा कुठी होता? पण लिवलेला हाये. पाय तुह्या कागदात.

पोरी, तुह्ये चार वर्सं आमच्या लुगड्यापायी जाऊ नये. खरं सांगून टाक. मामाले लय लागलं हाये.

तुही मामी

*

वडनेर भोलजी,
१४ जानेवारी २०२६

चि. समता,

मामीनं लिवलं ते खरं हाये. मी बत्तीस वर्षं कोणाचं पाकीट फोडलं नाही, कोणाची मनीऑर्डर दाबली नाही, अन् माह्या बहिणीच्या पोरीच्या कागदात खोटं घातलं. बाकीच्यायचं खोटं मले समोर दिसून राह्यलं होतं. पण त्यायले बोलाले तोंड पायजे. माह्या घरात लुगडं होतं.

काऊन केलं, ते मले मोठं नाही सांगता येत. फॉर्म समोर आला का हात आपोआप "नाही" वर जाते. इतक्या वर्षांत जो आला तो कागद घेऊन आला, अन् ज्याच्याजवळ हाये त्याचं नाव यादीतून कटलं. तू आपली हायेस, हे डोक्यात होतं. हाताले नव्हतं माहीत.

आणखी एक गोष्ट सांगतो. तुह्या मायलेबी माहीत नाही, ती तवा पाळण्यात होती. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, दुष्काळ चालू होता, तवा एक साहेब गावात आला होता. कॉलेजातला होता, तुह्यावाणीच समाज मोजत होता. चावडीपुढं टेबल मांडलं अन् एकेकाले बोलावलं. पाटील बाजूले बसेल, सारं गाव उभं. माह्या बाबाले त्यानं इचारलं, "सोनाजी, दोन वेळचं जेवण मिळतं का?" त्या दिवशी सकाळी आमी अंबाडीचा पाला उकळून खाल्ला होता, भाकर नव्हती. बाबा म्हणे, "मिळते साहेब. भाकर उरते." मी तेरा वर्षांचा, बाजूले उभा. मी वर पाह्यलं तर बाबानं माह्या खांद्यावर हात दाबला. साहेबानं लिवलं, "होय."

बाबाजवळ नव्हतं अन् त्यानं हाये म्हणून सांगतलं. माह्याजवळ हाये अन् मी नाही म्हणून सांगतलं. हे काऊन असं झालं, ते तुह्या एकशेवीस फॉर्मात कुठंच नाही. ते जमलं तर शोध. अन् समितीपुढं माह्यं नाव घ्याचं असंन तर घे, मले लाज वाटली तरी चालंन.

तुहा मामा

*

पुणे,
२ फेब्रुवारी २०२६

आदरणीय मामा,
जय भीम.

आधी निकाल सांगते. नोंदणी रद्द झाली नाही.

मामींचं पत्र घेऊन मी मॅडमकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं. चहा समोर ठेवला होता, तो तसाच राहिला. मग एवढंच विचारलं, "माझ्या पाहणीतलेही?" मी हो म्हटलं. त्या दोन दिवस जुन्या पाहणीचे फॉर्म काढून तपासत बसल्या. त्यांचं नाव झालं ते त्याच पाहणीवर, मामा, आणि ती अर्धी माठांची निघाली. तिसऱ्या दिवशी बोलावून म्हणाल्या, "परदेशातला निबंध मी मागे घेतला. आता तू समितीला काय सांगणार ते सांग."

मी समितीपुढे भगवंतरावांचे दोन फॉर्म शेजारी-शेजारी ठेवले. एक पांढऱ्या केसांचे सर होते, ते आधी गंभीर होते, नंतर बुलेट आणि कडबा ऐकून इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग मी म्हणाले की माझे आकडे खोटे आहेत, पण खोटं बोलण्याची दिशा खरी आहे, आणि मला तीच अभ्यासायची आहे. गाव कोणाला काय सांगतं, कोणापासून काय झाकतं आणि ते पन्नास वर्षांत कसं बदललं. पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. मी तुमच्या पत्रातला चावडीचा भाग वाचून दाखवला. तुमचं नाव घेतलं नाही. "एक निवृत्त डाकपाल" एवढंच म्हटलं. अर्ध्यावर मॅडमनी कागद घेतला, पुढचं त्यांनी वाचलं.

एक वर्षाची मुदत मिळाली. अट एकच: गावात येऊन राहायचं, दुसऱ्याच्या हातून फॉर्म भरून घ्यायचे नाहीत. ही चूक तुमची नव्हती, माझीच होती. पोस्टानं गाव मोजायला निघाले होते मी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी येऊन राह्यली, मामा. पाय, जमली ना मले आपली बोली? मॅडमही दोन दिवस येतील. त्यांना ते हिरवं लुगडं बघायचंय. तुमचा फॉर्म सोबत परत पाठवते, सातवा प्रश्न दुरुस्त करून द्या. सोबत एक कोरा फॉर्म आहे, दुरुस्तीत गिचमिड झाली तर तोच भरा.

तुमची,
समता

*

वडनेर भोलजी,
१६ फेब्रुवारी २०२६

चि. समता हिस अनेक आशीर्वाद अन् जय भीम.

पत्र मामीनं मोठ्यानं वाचलं. "पांढऱ्या केसांचे सर हसले" इथं ती थांबली अन् सोताच हसत बसली, मले पुढचं ऐकाले अर्धा घंटा लागला. या वेळी पिनकोड बरोबर होता.

लुगडं काढलं. मॅडमले दाखवाले ठेवलं हाये, मंग मामी त्याची गोधडी शिवणार. फ्रिज चालू हाये, ताक तयार राहीन.

तू येऊन राह्यली हे गावात समजलं. भगवंतराव सकाळीच आले अन् हळूच इचारलं, "या बारीले कसं सांगाचं माणिकराव, हाये का नाही?" मी म्हटलं, जे हाये ते सांगा. तर ते म्हणे, "मंग पोरीले अभ्यासाले काय राहीन?" ऋत्विकले मी समजावलं हाये, गुलाब बंद होतील. तुह्या होस्टेलचा लाल स्वेटर तानुबाई रोज घालते. पाठीवर इंग्रजीत काही तरी लिवेल हाये, ते वाचून पोट्टे हसतात अन् तिले कोणी सांगत नाही. तू आली का वाचून सांगजो.

माह्या फॉर्मवर सातवा प्रश्न दुरुस्त केला. फ्रिज: आहे. सही केली.

कोरा फॉर्म तू दुसऱ्या कामाले पाठवला होता. तो मी भरला. तुह्या एकशेविसात तो बसत नाही, मोजाचा नसंन तर नको मोजू, पण टाकून देऊ नको.

कुटुंबप्रमुखाचे नाव: सोनाजी इंगळे.
पाहणीचे वर्ष: १९७३.
घरातील वस्तू: एक कंदील, दोन जर्मनच्या थाळ्या.
दोन वेळचं जेवण मिळतं का: नाही.
माहिती देणाराचे नाते: मुलगा.

अक्षर जरा वाकडं आलं हाये, समजून घे. टपालाले त्रेपन्न वर्षं उशीर झाला. यात पोस्टाची चूक नाही.

पोच पाठवजो.

तुहा मामा,
माणिकराव